मिरवणुकीचा गिअर

जुना पिकअप ट्रक घेतलेल्या माणसाला जो भेटतो तो एकच विचारतो, "इंजिन कुठलं टाकणार?" गिअरबॉक्सची चौकशी कुणी करत नाही. लोकांचाही दोष नाही. इंजिनाला आवाज असतो, रंग देता येतो, बॉनेट उघडून चारचौघांना दाखवता येतं. गिअरबॉक्स बिचारा गाडीच्या पोटाखाली तेल आणि चिखल अंगावर घेऊन पडलेला. त्याचं दर्शन घ्यायचं तर जमिनीवर आडवं व्हावं लागतं, आणि साठीनंतर आडवं होणं सोपं असलं तरी उठणं तितकं सोपं राहत नाही. तरीही ट्रक सुखाने चालणार की मालकाचं डोकं खाणार, हे बहुतेक वेळा तो पोटाखालचाच ठरवतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र मी राहतो ते गाव इंजिनांचं, त्यामुळे हे मत जरा हळू आवाजातच मांडावं लागतं.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कोलंबस नावाचं पन्नासेक हजार वस्तीचं गाव आहे. ओहायोतलं मोठं कोलंबस ते वेगळं; आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना हे तिकीट काढण्याआधीच बजावावं लागतं. १९१९ साली क्लेसी कमिन्स नावाच्या हरहुन्नरी मेकॅनिकने इथे इंजिनांची कंपनी काढली. पैसा घातला डब्ल्यू. जी. अर्विन या बँकवाल्यांनी. क्लेसी त्यांच्याच घरी मोटार चालवायला आणि सांभाळायला होता. पुढे १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, कोथरूडला कारखाना उभा राहिला आणि कोथरूड-कोलंबस अशी इंजिनिअरांची ये-जा लागली ती आजतागायत. मीही त्याच वाटेने आलो आणि इथलाच झालो. बाहेरचे लोक आमच्या गावात इमारती बघायला येतात. एरो सारिनेनने आखलेलं चर्च आहे, आय. एम. पेईंनी आखलेलं ग्रंथालय आहे. आमच्या घरच्या गप्पा मात्र दुसऱ्या वाक्याला सिलिंडरवरच येऊन पोचतात.

जुन्या गाडीत भलतंच इंजिन घालण्याचा उद्योगही या गावाला नवा नाही. १९२९ साली शेअर बाजार कोसळला, डिझेल इंजिनांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि अर्विनसाहेबांचा धीर सुटायच्या बेताला आला. तेव्हा क्लेसीने एका वापरलेल्या पॅकार्ड मोटारीतलं पेट्रोल इंजिन काढून तिथे आपलं डिझेल बसवलं आणि ऐन नाताळात साहेबांना गाडीत घालून फिरवून आणलं. साहेबांनी पुन्हा पैसे घातले. मग तीच गाडी घेऊन क्लेसी १९३० च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला गेला. जवळजवळ आठशे मैल, आणि इंधनाचा खर्च एक डॉलर ३८ सेंट. गावात ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. सांगणारे इंजिनाचं कौतुक करतात, ३८ सेंटांपर्यंत हिशेब सांगतात. त्या गाडीच्या गिअरबॉक्सचं नाव मी अजून एकाच्याही तोंडून ऐकलेलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण माझा मेव्हणा. तो इंडियानापोलिसला असतो, संगणकात काम करतो. लहानपणी सायकलची चेन पडली की तो सायकल हाताने ढकलत घरी आणायचा, असं त्याची बहीण, म्हणजे आमच्या घरचं सुप्रीम कोर्ट, सांगते. अशा माणसाने एका शेतकऱ्याच्या कोठारातून १९७० सालचा शेवरले सी-१० विकत घेतला. निळा होता म्हणे. आता निळ्यापेक्षा तांबडा जास्त, आणि तो तांबडा रंग नव्हे, गंज. पण हौदा आठ फुटी, चेसिस सरळ, दारं नीट लागणारी. १९६७ ते १९७२ या काळात निघालेल्या या घडणीचे ट्रक इथले लोक आजोबांच्या घड्याळासारखे जपतात, त्यामुळे सुटे भाग दिव्याच्या काचेपासून पत्र्यापर्यंत आजही नवे मिळतात. खरेदी वाईट नव्हती. हे मी त्याच्या बहिणीसमोर बोललो नाही.

"दाजी, तुम्ही इंजिनातले," मेव्हणा म्हणाला, "तुम्ही सांगाल तसं करू."

हे वाक्य बोलणारा माणूस आधीच काहीतरी ठरवून आलेला असतो, हे मला नोकरीतल्या मीटिंगांनी शिकवलं आहे. त्यामुळे मी आधी ट्रकच बघून घेतला.

मोठा मजेदार ऐवज. पेट्रोलची टाकी कॅबिनमध्ये, सीटच्या बरोबर पाठीमागे. टाकी भरलेली असली आणि वळण जरा जोरात घेतलं की मानेमागे पेट्रोल डचमळल्याचं ऐकू येतं. या ट्रकच्या मागच्या मालकांपैकी निम्मे त्याच सीटवर बसून सिगारेट ओढत असणार. बॉनेटखाली २५० क्युबिक इंचांचं इंजिन, सहा सिलिंडर एका रांगेत, सात मेन बेअरिंगं, आणि भोवती इतकी मोकळी जागा की मेकॅनिकने आत उतरून उभं राहावं. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीवर. तीनच गिअर. आपल्याकडे खेचून खाली केला की पहिला, खेचून वर केला की रिव्हर्स. त्या दांड्याला हात लावला आणि मी एकदम दादरला जाऊन पोचलो. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीत ड्रायव्हरच्या शेजारी बसून ज्यांनी तो दांडा हलताना पाहिला आहे त्यांना सांगायला नको. त्या टॅक्सींची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. शेवरलेचा दांडा त्यांच्यापेक्षा लांब आणि जास्त हट्टी, एवढाच फरक.

मेव्हण्याने शेतकऱ्याकडून मिळालेली जुनी माहितीपुस्तिका काढली. "१५५ हॉर्सपॉवर लिहिलंय, दाजी. पण १९७२ च्या पुस्तिकेत याच इंजिनाला ११०. दोन वर्षांत इतकं म्हातारं झालं?"

म्हातारं झालं नाही, खरं बोलायला लागलं. १९७० पर्यंत इथले कारखाने इंजिन उघडंवाघडं टेबलावर ठेवून ताकद मोजत. पंखा नाही, अल्टरनेटर नाही, एअर क्लीनर नाही, सायलेन्सर नाही. १९७२ पासून गाडीत बसतं तसं सगळं सामान लावून मोजायला लागले आणि बहुतेक सगळी घट त्या सामानाने खाल्ली. लग्नाच्या जाहिरातीत पगार सांगताना कापून जाणारे पैसे धरायचे की नाही, तसा हा प्रकार. म्हणून जुन्या आणि नव्या इंजिनांचे आकडे एका ओळीत मांडून कोणी बोलायला लागला की मी चहाचं विचारतो.

आता उमेदवार. पहिला अर्थातच शेवरलेचा स्मॉल ब्लॉक, ३५० क्युबिक इंच, म्हणजे ५.७ लिटर. एड कोल यांच्या देखरेखीखाली १९५५ साली या घराण्यातलं पहिलं, २६५ इंचांचं व्ही-८ आलं, आणि २०११ मध्ये जनरल मोटर्सने दहा कोटीवा स्मॉल ब्लॉक बनवला. दहा कोटी! इतकी माणसं नसलेले देश जगात ढिगाने आहेत. त्याचे भाग किराणा दुकानात मिळत नाहीत एवढंच. १९७० चा ट्रक घेणाऱ्याला हे इंजिन कारखान्यातूनच मिळायचं, त्यामुळे ते बसवायला पत्रा कापावा लागत नाही, वायरी ओढाव्या लागत नाहीत, कार्ब्युरेटर चढवला की चाललं.

पण मेव्हण्याच्या मनात ते नव्हतं. त्याच्या मनात होतं ५.३ लिटरचं नवं व्ही-८. १९९९ पासून २००७ पर्यंत सिल्व्हराडो, टाहो, सबर्बन असल्या लाखो गाड्यांत हे इंजिन बसलं. सालाप्रमाणे २७० ते २९५ हॉर्सपॉवर, आणि हे आकडे सगळं सामान लावून मोजलेले. त्या गाड्या आता भंगारवाड्यात पडू लागल्या आहेत. तिथे स्वतःचे पाने घेऊन जायचं, इंजिन स्वतः सोडवायचं, गल्ल्यावर पैसे द्यायचे. गाडीच्या नंबरातलं आठवं अक्षर टी असलं की आत हे इंजिन आहे असं समजायचं. हे मेव्हण्याने मला सांगितलं. ज्या माणसाला चेन चढवता येत नव्हती तो आता पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या परक्या गाड्यांच्या काचेतून आठवं अक्षर वाचत हिंडतो. एकदा दुकानाच्या रखवालदाराने हटकलंही.

इंजिन उत्तम आहे, वाद नाही. पण ते एकटं येत नाही. कार्ब्युरेटरला पाच-सहा पीएसआय दाबाचं पेट्रोल पुरतं, याला लागतं ५८. म्हणजे पंप बदला, नळ्या बदला. पंप बदलायचाच आहे तर मानेमागची टाकीही काढून हौद्याखाली न्या. त्याचा एक कॉम्प्युटर असतो, आणि मूळ गाडीची चोरी रोखणारी यंत्रणा जागेवर नसली तर तो पेट्रोल सोडत नाही. त्याची समजूत काढणारे वेगळे कारागीर असतात. वायरिंगचा जुडगा तर बघवत नाही. ट्रकचं तेलाचं पात्र खोल, चेसिस खाली घेतली असेल तर ते रस्त्याची पापी घेतं. इंजिन माउंट वेगळे. काटा दाखवायला जुन्या स्पीडोमीटरला केबल हवी, नव्याकडे केबलच नाही. आमच्या काउंटीत धुराची तपासणी नाही हे एक बरं. भारतात इंजिन बदललं की आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद. इथे मेव्हण्याला फक्त बहिणीची परवानगी लागते, आणि तुलनेने आरटीओ सोपं.

तिसरा उमेदवार कुठला, हे आमच्या गावात विचारायचं कारण नाही. चार सिलिंडरचं ३.९ लिटर डिझेल, 4बीटी. पाव आणि वेफर वाटत फिरणाऱ्या व्हॅनमधून हे इंजिन लाखो मैल चालून निघतं आणि तरी त्याचं वय दिसत नाही. याचा सहा सिलिंडरचा मोठा भाऊ १९८९ पासून डॉज रॅममध्ये आला आणि पिकअपवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. मी आयुष्यभर याच कुळात नोकरी केली. शेजारी, जुने सहकारी, आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, सगळ्यांना वाटत होतं की मी डिझेलच सांगणार. मोह झालाही. पण साडेसातशे पाउंडांच्या आसपास वजन, १०५ हॉर्सपॉवर, अडीच हजार फेऱ्यांवर लगाम, आणि चार मोठे पिस्टन वर-खाली होताना सगळ्या कॅबिनला भरणारी हुडहुडी. माझ्या मेव्हण्याला कॉफी प्यायची असते. डिझेल हे रोज ओझं ओढणाऱ्याचं काम. रविवारी मल्च आणि रोपटी आणणाऱ्या माणसाने ते घेऊ नये, असं मी म्हणालो तेव्हा अध्यक्षांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी वारीला मोटारीने जातो असं जाहीर केलं.

"मग गिअरबॉक्सचं काय?" मी मेव्हण्याला विचारलं.

"तो इंजिनाबरोबर येईल की."

इथेच सगळे फसतात. मैफलीला लोक गायकाचं नाव बघून जातात, पण लय हातात असते तबल्यावरच्या माणसाच्या. गायक दाणेदार असला आणि ठेका भलत्या लयीचा लागला, तर दोन तास दोघंही नुसते एकमेकांना ओढत बसतात.

हिशेब सोपा आहे, आणि तो करायला मेकॅनिक लागत नाही. गाडीचा ताशी वेग मैलांत घ्यायचा, त्याला मागच्या डिफरन्शियलच्या प्रमाणाने गुणायचं, मग ३३६ ने गुणायचं आणि टायरच्या उंचीच्या इंचांनी भागायचं. येतात त्या इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या, टॉप गिअर सरळ असेल तर. मेव्हण्याच्या ट्रकचे टायर २८ इंची, आणि ३३६ ला २८ ने भागलं की बरोबर १२ येतात. असा हिशेब देव क्वचित देतो. डिफरन्शियल ३.७३. इंडियानापोलिसला जाणाऱ्या हायवेवर वेगमर्यादा ७० मैल. ७० गुणिले ३.७३ गुणिले १२, म्हणजे ३,१३३ फेऱ्या. जुन्या तीन-गिअरवाल्यात हाच टॉप. इंजिन मरत नाही, पण पाऊण तास त्या आवाजात बसलेला माणूस घरी पोचल्यावर बायकोशी ओरडून बोलतो. आता याच ट्रकला ०.७० चा ओव्हरड्राइव्ह असलेला डबा लावा. फेऱ्या होतात २,१९३. इंजिन तेच, ट्रक तोच, आणि माणूस गाणं ऐकत घरी.

हे गणित कागदावर मांडल्यावर मेव्हणा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे फोर एल सिक्स्टी ई." ५.३ बरोबर भंगारात हाच ऑटोमॅटिक मिळतो. चार गिअर, पहिला ३.०६, चौथा ०.७०. वाईट नाही, फक्त जास्त ताकद घातली की त्याच्या तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लचप्लेटा आधी जळतात. दणकट हवा असेल तर त्याचा थोरला भाऊ फोर एल एटी ई, पण त्याचा पहिला गिअर २.४८ चा, त्यामुळे निघताना सुस्त. आणि कॉम्प्युटर नको म्हणणाऱ्यांसाठी ७००आर४ आहे. त्याला कार्ब्युरेटरपासून एक केबल येते. ती चुकीची ताणली तर डबा आतल्या आत भाजतो, आणि मालकाला कळतं तेव्हा वासाने कळतं.

मी तेव्हा विचारायला हवा तो प्रश्न विचारला. "ट्रकचं करणार काय तू?"

या प्रश्नाला खरं उत्तर कोणी देत नाही. "ओढेन काहीतरी," मेव्हणा म्हणाला. ओढण्यासारखं त्याच्याकडे गृहकर्जाशिवाय काही नाही. "कधीतरी लांब जाऊ." त्याच्या बायकोची विमानातही खिडकीजवळ बसली की मान धरते. "दिसायला छान." हे खरं होतं.

तेवढ्यात त्याची बहीण चहा घेऊन आली. तिने एका वाक्यात निकाल दिला.

"गणपतीच्या मिरवणुकीला कामाला येईल. दरवर्षी भाड्याचा ट्रेलर आणतात, त्याला झालर लावताना माझी कंबर जाते."

आमच्याकडे विसर्जन शनिवार-रविवार बघून होतं. मिरवणूक म्हणजे शाळेच्या भल्यामोठ्या पार्किंगला प्रदक्षिणा. पुढे ढोल-ताशा, मग लेझीम, मग मूर्ती, मागे गुलालाऐवजी फुलं उधळणारी पोरं. गुलाल शाळेच्या डांबरावरून निघत नाही. सप्टेंबरातही दुपार चांगली तापते. वेग म्हणाल तर माणसाचा, तोही नाचणाऱ्या माणसाचा. तासाला तीन मैल झाले तरी खूप. हायवेच्या सत्तर मैलांसाठी ट्रक निवडणारे लाखो असतील. ताशी अडीच मैलांसाठी निवडणारा मेव्हणा हा इंडियानातला पहिलाच असावा, असं मला वाटलं आणि भलताच उत्साह आला.

आता गणित उलटं. इंजिन शांतपणे मिनिटाला सातशे फेऱ्या घेतंय, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही. सध्याच्या तीन-गिअरवाल्यात पहिला गिअर २.८५ चा, म्हणजे ट्रक ताशी साडेपाच मैलांनी निघाला. ढोलपथक पळत सुटणार. नाहीतर मेव्हण्याने सबंध मिरवणूक अर्धा क्लच दाबून बसायचं, आणि आरतीच्या वेळी जळक्या क्लचचा धूप दरवळायचा. ऑटोमॅटिकमध्ये पाय ब्रेकवर ठेवून सरकता येतं, पण तिथे टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल नुसतं घुसळत तापतं. पुढे वेगळा कूलर लावावाच लागतो.

जुन्या कामाच्या ट्रकांत मात्र एसएम ४६५ नावाचा ओतीव लोखंडाचा डबा असायचा. चार गिअर, पहिला ६.५५ चा. अमेरिकन माणूस त्याला आजीबाईचा गिअर म्हणतो. त्यावर सातशे फेऱ्यांना ट्रक ताशी जेमतेम २.४ मैल चालतो, कुठल्याही पेडलवर पाय न ठेवता. चालवणाऱ्याने खाली उतरून दोन मिनिटं लेझीम खेळून परत चढावं. (असं करू नये. मंडळाचा विमा आहे.) पण त्याचा चौथा गिअर सरळ, म्हणजे हायवेला पुन्हा ३,१३३.

यावर उत्तर आहे, आणि ते बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं पण वजन बघून ते पुढे सरकतात. एनव्ही ४५००. नव्वदीच्या दशकातल्या मोठ्या शेवरले आणि डॉज ट्रकांत हा पाच गिअरचा मॅन्युअल डबा यायचा. शेवरलेच्या पुढच्या वर्षांतल्या डब्यात पहिला गिअर ५.६१, पाचवा ०.७३. वजन दोनशे पाउंडांच्या घरात; दोघांनी उचलायचा, तिसऱ्याने सूचना द्यायच्या. पहिल्या गिअरमध्ये ताशी २.८ मैल, म्हणजे लेझीम जरा तालात खेळावी लागेल, ते बरंच. पाचव्यात सत्तर मैलांना २,२८७ फेऱ्या. मिरवणूकही झाली, हायवेही झाला. मेव्हण्याच्या सहा सिलिंडरच्या ताकदीला हा डबा फाजील दणकट आहे, हे मान्य. पण फाजील दणकट गिअरबॉक्समुळे रस्त्यात अडकलेला माणूस मी पाहिलेला नाही.

आणि यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ट्रकखाली आडवं झाल्याशिवाय दिसत नाही. सध्याचं २५० इंचांचं सहा सिलिंडर आणि ३५० इंचांचं व्ही-८, दोघांच्या पाठीला गिअरबॉक्स जोडायची भोकं एकाच आकृतीत. नव्या ५.३ च्या पाठीलाही तीच आकृती, फक्त एका बोल्टाची जागा हललेली. म्हणजे गिअरबॉक्स एकदा नीट घेतला की पुढे इंजिन बदललं तरी डबा बदलत नाही. इंजिन आधी घेणाऱ्याला मात्र त्याच्यापायी एकेक गोष्ट बदलत मागच्या चाकांपर्यंत यावं लागतं. इंडियानात मन्सी नावाचं गाव आहे, गिअरबॉक्स बनवण्यासाठी एकेकाळी नावाजलेलं. कोलंबसला लोक बसेस भरून येतात. मन्सीला गिअरबॉक्स बघायला गेलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

मेव्हण्याने सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घेतलं. सगळी एकमेकांच्या जवळपास. सोळाशे फेऱ्यांनाच पूर्ण टॉर्क देणारं हे इंजिन मूर्ती, झालर, स्पीकर आणि हौद्यात चढलेली आठ-दहा पोरं सहज ओढेल. तेव्हा इंजिन आहे ते राहील. गास्केटं, कार्ब्युरेटर, पाण्याचा पंप एवढं नवं. ५.३ चं बघू, असं तो म्हणतो. आठवी अक्षरं वाचायची सवय अजून गेलेली नाही. लांब व्हीलबेसच्या या ट्रकला प्रॉपेलर शाफ्ट दोन तुकड्यांत आहे, मध्ये बेअरिंग. त्यातला पुढचा तुकडा नव्या डब्याच्या मापाने कापून आणि तोलून घ्यावा लागेल, पण ते काम डबा जागेवर बसल्यावर. आधी मापं घेऊन शाफ्ट कापून आणणाऱ्यांची एक वेगळी जमात आहे, त्यांच्या वाटेला जायचं नाही असं आमचं ठरलं आहे.

तेव्हा वाचकांपैकी कुणी अमेरिकेच्या या भागात असेल आणि त्याच्या पाहण्यात शेवरलेचा एनव्ही ४५०० असेल, टू-व्हील ड्राइव्हचा, पहिला गिअर ५.६१ वाला, पाचव्यात घरघर न करणारा, तर इंडियानातल्या कुठल्याही मराठी मंडळात निरोप ठेवावा. गणपतीच्या आत मिळाला तर बरं. डॉजचा असेल तर कळवू नये. त्याचा इंजिनाकडचा शाफ्ट आणि घर वेगळं असतं, आणि मेव्हण्याला ते पुन्हा समजावून सांगायची ताकद माझ्यात नाही.